जुन्या चिपची पुस्तकं शोधत चंदगडपर्यंत

कोल्हापूरला लोक देवीला जातात, चपला घ्यायला जातात, नाहीतर लग्नाला जातात. मी एका जुन्या चिपची पुस्तकं शोधायला गेलो. परत आल्यापासून हे ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं आणि तिला "काळजी घ्या" म्हणून निघून गेला. तेव्हा एकदाचं सगळं लिहूनच काढतो, म्हणजे प्रत्येकापुढे वेगळं गाणं गायला नको.

मी नाशिकचा. तीस वर्षं एका तंत्रनिकेतनात मायक्रोप्रोसेसर शिकवला. मायक्रोप्रोसेसर म्हणजे ८०८५, चाळीस पायांची काळी चिप. आज तुमच्या मिक्सरमध्येसुद्धा तिच्यापेक्षा हुशार चिप बसलेली असेल, पण आमच्या अभ्यासक्रमातून ती काही हलायला तयार नव्हती. तीस वर्षं मी तेच शिकवलं, त्याच खडूनं, त्याच विनोदांसकट. निवृत्त झालो त्याच आठवड्यात घरातली सगळी पुस्तकं रद्दीत घातली आणि सुटलो म्हणालो.

दोन वर्षांनी प्रशांतचा फोन आला. प्रशांत माझा जुना विद्यार्थी, आता पुण्यात नोकरीला आहे आणि फावल्या वेळात जुन्या चिपवाल्यांचा एक ग्रुप चालवतो. म्हणाला, "सर, चंदगडला सुनंदाताई म्हणून आहेत. काजूचा छोटा कारखाना आहे त्यांचा. काजू बी वाफवायचं यंत्र ८०८५ वर चालतं. त्याचा प्रोग्राम पुसला गेला आणि यंत्र बनवणारी कंपनी कधीच बंद पडलीय. ताईंनी कुठल्याशा नोट्सवरून स्वतः प्रोग्राम लिहिला, तर वाफ बंदच होत नाही. तीन घाणे वाया गेले. सीझन तोंडावर आलाय. यंत्र चाललं नाही तर यंदा कारखाना बंद ठेवावा लागेल म्हणतात. जाल का?"

आणि वर म्हणाला, "जाताजाता या चिपसाठी चांगली पुस्तकं, नोट्स काय मिळतात त्याची यादी करा ना. आमच्या पोरांना हवीय. हल्ली परत फॅड आलंय."

मी हो म्हणालो. निवृत्त मास्तरला कोणी 'सर' म्हणून फोन केला की तो कशालाही हो म्हणतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पुस्तकं रद्दीत गेलीत आणि डोक्यात फारसं काही उरलेलं नाही. तीस वर्षं शिकवलं म्हणजे येतंच असं नसतं. हे तुम्हाला कुठला मास्तर सांगणार नाही, मी सांगतो. म्हणून ठरवलं, आधी कोल्हापुरात उतरायचं, चार चांगली पुस्तकं गाठायची, वाटेत वाचायची आणि मग चंदगडला जाऊन विद्वान दिसायचं.

कोल्हापूर

सकाळी उतरल्या उतरल्या मिसळ खाल्ली. आम्ही नाशिककर मिसळीच्या बाबतीत कोणाचं ऐकून घेत नाही. आमच्याकडे पाव असतो, इथे ब्रेडच्या स्लाइस देतात. मी पाव मागितला तर वाढणारा म्हणाला, "पावणं, हितं ह्योच असतोय," आणि न विचारता आणखी दोन स्लाइस टाकून गेला. रस्सा मात्र असा होता की पुढचा अर्धा तास मी नाक पुसत रस्ता विचारत होतो, आणि लोक मला मयतीला आलेला समजून फार आपुलकीनं वागत होते.

मंगळवार पेठेत अभ्यासाच्या पुस्तकांचं एक दुकान सापडलं. मालक गल्ल्यामागे बसून कलिंगड खात होता. मी म्हटलं, "८०८५ चं चांगलं पुस्तक आहे का?"

"पास व्हायचंय का शिकायचंय?"

"शिकायचंय."

त्यानं फोड खाली ठेवली आणि मला नीट पाहून घेतलं. "शिकायचं न्हाई ठेवत आमी. पास व्हायचं हाय." आणि चाळीस पानांची एक पिवळ्या कव्हरची पुस्तिका पुढे सरकवली. "ह्यात सगळं हाय बगा. एका दिवसात हुतंय. गेली धा वर्षं ह्याच्याभाईरचं काय इचारलेलं न्हाई."

मी हसलो. हे असलं आमच्याकडेही मिळतं, पण आमचा दुकानदार निदान लाजून विकतो. सहज मधलं एक पान उघडलं. प्रोग्रामच्या शेवटी छापलं होतं: 'उत्तर २७४१ या पत्त्यावर साठवा.' पुढचं पान. २७४१. त्याच्या पुढचं. तिथेही तेच.

आता हे २७४१ प्रकरण सांगितलं पाहिजे. या चिपच्या जोडीला मेमरी असते, तिच्यात हजारो कप्पे असतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. उत्तर कुठल्याही रिकाम्या कप्प्यात ठेवलं तरी चालतं. नोकरीला लागलो त्या वर्षी मी हातानं नव्वद पानांच्या नोट्स काढल्या होत्या. उत्तर ठेवायला एक नंबर हवा होता. खिडकीतून बाहेर पाहिलं, खाली माझी लूना उभी होती. तिचा नंबर २७४१. तोच लिहून टाकला, सगळीकडे.

म्हणजे या माझ्या नोट्स होत्या. कोणीतरी झेरॉक्स नेली असेल, कोणी तिची झेरॉक्स काढली असेल, कोणी टाइप केली असेल, आणि लूना नाशिकहून कोल्हापूरला पोचली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आयुष्यात एकही पुस्तक छापलं नाही याची खंत होती, आणि इथे मी पिवळ्या कव्हरात बसलो होतो, नाव नसलं म्हणून काय झालं. मी तीन प्रती घेतल्या.

"तीन?" दुकानदार म्हणाला. "तीनदा नापास झालायसा काय?"

कोल्हापूर, दुसरा दिवस

पुस्तकं दुकानात नाहीत तर कॉलेजात असतील, असा भाबडा विचार करून मी तिथल्या एका कॉलेजात गेलो. नाव सांगत नाही, कारण अशी कॉलेजं नाशकातही आहेत आणि मी त्यातल्याच एकात तीस वर्षं पगार घेतला. विभागप्रमुख तरुण होते, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी छापील. मी निवृत्त प्राध्यापक म्हटल्यावर चहा आला, बिस्किटं आली आणि प्रयोगशाळा दाखवायची तयारीही झाली.

प्रयोगशाळेत काचेचं एक कपाट होतं. आत अकरा किट ओळीनं मांडलेली. किट म्हणजे उघडी पाटी, तिच्यावर बटणं, लाल आकडे आणि मधोमध ती काळी चिप. प्रोग्राम बटणांनी भरायचा आणि चालवून बघायचा, एवढ्यासाठीच ती असतात. इथे प्रत्येक किटवर हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि वाळून काळा पडलेला झेंडू होता. दसऱ्याला यंत्रांची पूजा आमच्याकडेही होते, पण दुसऱ्या दिवशी यंत्रं वापरतात.

"ही चालू आहेत?" मी विचारलं.

"नादुरुस्त आहेत. डेडस्टॉक रजिस्टरला आहेत. त्यामुळे उघडता येत नाहीत आणि टाकताही येत नाहीत. पूर्वी बारा होती. एकाचीच मंजुरी आली, ते लिलावात गेलं."

"मग मुलं प्रात्यक्षिक कशावर करतात?"

"जर्नल लिहितात."

त्यांनी एक जर्नल दाखवलं. सुरेख अक्षर, लाल शाईत मथळे, प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी एक ओळ: 'उत्तर पडताळून पाहिले.' दुसरं जर्नल उघडलं. तीच ओळ.

"कशावर पडताळलं?"

"मागच्या वर्षीच्या जर्नलवर," ते म्हणाले. चेष्टा करत नव्हते, खरंच सांगत होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आणि हे २७४१ काय आहे?"

"तो राखीव पत्ता आहे सर. कंपनीनंच निकालासाठी ठेवलेला आहे. तोंडी परीक्षेत आम्ही हमखास विचारतो. मुलानं दुसरा कुठला लिहिला तर अर्धा मार्क कापतो."

मी गंभीरपणे मान हलवली. माझ्या लूनाला अर्धा मार्क होता. नाशकात तिला कोणी हवासुद्धा फुकट भरून दिली नव्हती. खरं सांगायला हवं होतं, पण आतून इतकं गुदगुल्या झाल्यासारखं वाटत होतं की मी गप्प बसलो आणि बिस्किट बुडवून खाल्लं. निघताना त्यांनीच सांगितलं, की ते बारावं किट जुने लॅब असिस्टंट चौगलेमामा घेऊन गेलेत, मुरगूडला असतात, बघा काय उपयोग होतो का.

मुरगूड

चौगलेमामा गोठ्यात होते. सत्तरीचे, अंगात बंडी, हातात चरवी. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, "बसा सर. आधी दूद." आणि समोरच म्हैस पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात दिला. आमच्याकडे पाहुण्याला पाणी देतात, मग चहा विचारतात, मग तो नको म्हणतो, मग आग्रह होतो. इथे विचारायची पद्धतच नाही. मी पेला संपवला, तर म्हशीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की दुसरा मागायची हिंमत झाली नाही.

किट पेंडीच्या पोत्यामागे फळीवर होतं, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं. मामांनी वायर लावली, लाल आकडे पेटले. "चालू आहे की हो," मी म्हटलं.

"कवा बंद हुतं?" मामा म्हणाले. "आयका सर. एक प्रॅक्टिकल हुतं, चौकातल्या शिग्नलचं. लाल दिवा लागायचा, थोड्या येळानं हिरवा व्हायचा, आसं. तर लाल लागला की हिरवा कवा व्हायचाच न्हाई. सर म्हणायचे किट बिघडलं, दुसरं काढा. दुसऱ्यावर बी त्येच. आसं करत बाराच्या बारा किटं नादुरुस्त लिवली. मी म्हटलं, साहेब, बारा किटं एकाच जागंला कशी बिघडतील? तर मलाच म्हणाले, मामा, तुमी पुसताना वलं फडकं लावलंसा. कागदावर लिवलं सर. रिटायर हुताना फायलीत त्यो कागद हुता."

हे सांगताना मामांचा आवाज चढला नाही. चरवी मात्र ते उगाचच परत परत विसळत होते. आणि मी, तीस वर्षांचा अनुभवी, काय बोललो? म्हणालो, "जुन्या किटचं असंच असतं मामा. दमट हवा, चालायचंच." मामांनी मान डोलावली. मोठ्या माणसाचं ऐकून घ्यायची त्यांना सवय होती.

सुनंदाताईंना ते ओळखत होते. त्यांच्या यंत्रातली प्रोग्रामची चिप मामांनीच भरून दिली होती. अशी चिप भरायची एक पेटी त्यांनी किटबरोबर लिलावात घेतली होती, का घेतली ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. "ताईनं पानं धाडली, मी बटनं दाबली. मला त्यातलं कळत न्हाई, पर माज्या हातनं चूक हुत न्हाई." मी चंदगडला निघालोय म्हटल्यावर त्यांनी म्हशीची सोय शेजारी लावली, किट आणि पेटी पोत्यात बांधली आणि डोक्याला टोपी घालून तयार झाले.

चंदगड

गडहिंग्लज मागे पडलं की डोंगर जवळ यायला लागतात आणि एसटी माणसांपेक्षा पोत्यांनीच जास्त भरते. कंडक्टरनं आमच्या पोत्याला हात लावून विचारलं, "ह्यात काय?" मामा म्हणाले, "काम्पुटर." तो म्हणाला, "बरं, उभा ठिवा, तांदळावर आडवा घालू नका."

सुनंदाताईंचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची लांब शेड. एका अंगाला बॉयलर, काजूच्या टरफलांवर चालणारा. तिथली वाफ जाड नळातून लोखंडी पिंपांत जाते, पिंपांत काजू बी वाफवतात, मग बायका ती एकेक करून फोडतात. पिंपांवर एक निळी पत्र्याची पेटी. वीस मिनिटं झाली की वाफ तोडायचं काम तिचं. आतल्या प्रोग्रामच्या चिपला काचेची बारीक खिडकी असते आणि तिच्यावर कागद चिकटवावा लागतो. तो कागद सुटला, पत्र्याच्या भोकातून येणारं ऊन वर्षभर त्या खिडकीवर पडलं आणि प्रोग्राम पुसून गेला. हे सगळं ताईंनी स्वतःच शोधून काढलं होतं. शिक्षण बारावी.

ताई पन्नाशीच्या आतल्या, कपाळावर टरफलाच्या तेलाचा डाग, बोलणं सरळ. आधी जेवायला बसवलं. ओल्या काजूची उसळ, नाचणीची भाकरी, वर भात. आमच्याकडे काजू दिवाळीला मोजून डब्यात घालतात, इथे डावानं वाढत होत्या. मी दोनदा नको म्हणून तीनदा घेतली.

"कोल्हापुरात दाखवलं मी," ताई म्हणाल्या. "दुकानदार म्हणाला, सगळं यंत्रच नवं घ्या. म्या म्हटलं, पेटी माझी हाय. आत काय चाललंय ते मला कळायला पायजे. मग एकाकडनं ही पानं मिळाली."

आणि त्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा पुढे ठेवला. टाइप केलेला नव्हे. हातानं लिहिलेला. माझं अक्षर, पंचविशीतलं, अजून डॉक्टरांसारखं बिघडायच्या आधीचं.

आता शहाण्या माणसानं आधी पानं वाचली असती. मी पाठ ताठ केली आणि म्हणालो, "ताई, या नोट्स माझ्या आहेत." वर लूनाची गोष्टही सांगितली, अगदी रंगवून. कोल्हापूरच्या प्रमुखांची नक्कल केली, राखीव पत्ता, अर्धा मार्क. मामा हसले. बी फोडणाऱ्या बायकाही हसल्या.

सुनंदाताई हसल्या नाहीत. उठल्या, आत गेल्या आणि एक पोतं ओढत घेऊन आल्या. आत काजूगर होते, पण पांढरे नव्हते. तांबडे, डागाळलेले, जळकट वासाचे. वाफ वेळेवर तुटली नाही की टरफलातलं तेल आत उतरतं आणि गर कडू होतो. हातानं वाफ बंद करायचा नळ यंत्राला नव्हताच, बॉयलर विझवेपर्यंत घाणा हातचा गेलेला असायचा. असे तीन घाणे.

"मंग तुमीच व्हय ते," त्या म्हणाल्या. "बरं झालं आलासा. मला तुमालाच एक इचारायचं हुतं."

त्यांनी थांबण्याच्या, म्हणजे ठरावीक वेळ मोजायच्या, प्रोग्रामचं पान काढलं. त्यात असं असतं: एक मोठा आकडा घ्यायचा, एकेक करत कमी करायचा, शून्य झाला नसेल तर परत वर जायचं, शून्य झाला की पुढे. ताईंनी दोन स्टीलचे डबे आणले आणि दोन्हींत मूठभर बी घातली. म्हणाल्या, आकडा मोठा म्हणून तो दोन भागांत ठेवलाय, व्हय ना, हा एक डबा आणि हा दुसरा. मग माझ्या पानावर एकेका ओळीवर बोट ठेवत त्या एकेक बी काढत गेल्या. डबे रिकामे झाले.

"हितं लिवलंय, शून्य झालं का बग. पर बघणार कोण? चिपला आपून हून कळतंय काय, दोनी डबं रिकामं झालं म्हणून?"

मी तोंड उघडलं. चिपला कळतं असं सांगणार होतो, कारण तीस वर्षं तेच सांगत आलो होतो. आणि तेवढ्यात आठवलं. कळत नाही. एका डब्याचा आकडा कमी केला तर ही चिप शून्याची खूण करते. दोन डब्यांचा एकत्र कमी केला तर करत नाही. तिथे आपणच दोन्ही झाकणं काढून बघावं लागतं, आणि त्यासाठी आणखी दोन ओळी लागतात. मी विद्यार्थी असताना आमच्या सरांनी त्या फळ्यावर लिहिल्या होत्या, अगदी खाली. तास संपल्याची घंटा झाली, पुढच्या बाकावरच्यानं फळा पुसला, आणि माझ्या वहीत त्या दोन ओळी आल्याच नाहीत. वहीतून नोट्समध्ये आल्या नाहीत, नोट्समधून कुठेच आल्या नाहीत. पानाच्या तळाला मात्र माझ्याच हातचं होतं: 'उत्तर पडताळून पाहिले.' कशावर पाहिलं होतं? आमचीही किट कपाटातच असायची.

"ताई, दोन ओळी सुटल्यात," मी म्हणालो.

"कुणाच्या?"

"माझ्या."

ताई काही बोलायच्या आत मामा बोलले, माझ्याकडे न बघता, पोत्यातल्या किटकडे बघत. "म्हंजे किटं चांगली हुती."

मला मान वर करता येईना. सिग्नलच्या प्रयोगातही हाच थांबण्याचा प्रोग्राम होता, आणि मुरगूडला पेलाभर दूध पिऊन मी या माणसाला दमट हवा सांगितली होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि वाटायला तीस वर्षांत बरीच कारणं होती.

ताईंनी ओरडायला हवं होतं. त्यांनी पेन आणलं. "लिवा त्या दोन ओळी. आता, माझ्यासमोर." मी लिहिल्या. त्यांनी परत डबे भरले, नव्या ओळींवर बोट ठेवून पुन्हा सगळं करून बघितलं आणि मगच पान मामांकडे दिलं. मामांनी आधी किटवर सिग्नलचा प्रयोग लावला. लाल दिवा लागला. आम्ही तिघं आणि आठ बायका बघत उभे. लाल विझला, हिरवा लागला. मामांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि परत घातली. मग आपल्या चिप भरायच्या पेटीवर एका कोऱ्या चिपमध्ये यंत्राचा प्रोग्राम भरला आणि ती निळ्या पेटीत बसवली.

बॉयलर थंड पडला होता. ताईंनी पेटवायला कागद मागितला. मी पिशवीतून ती तीन पिवळी पुस्तकं काढून दिली. त्यांनी पानं फाडून टरफलांखाली सारली. मग पिंपात बी घातली, वाफ सोडली आणि आम्ही घड्याळ बघत बसलो. विसाव्या मिनिटाला निळ्या पेटीत टक झालं आणि वाफेचा आवाज थांबला. ताईंनी एक बी फोडून गर बघितला. पांढरा होता. बायकांनी लगेच टोपल्या ओढल्या, कोणाला कौतुक करायला वेळ नव्हता.

ताईंनी माझ्या नोट्सचं पान परत माझ्यापुढे धरलं. 'उत्तर पडताळून पाहिले' ही ओळ त्यांनी केव्हाच लाल पेनानं खोडून ठेवली होती. "आता लिवा," म्हणाल्या, "आता खरी हाय." मी लिहिली. खाली सहीही करायला लावली. निघताना बायकोसाठी पांढऱ्या काजूची पिशवी दिली, आणि वर एक छोटी पुडी, तांबड्या गरांची. "ही तुमची."

परत कोल्हापूर

मामांना घेऊन मी पुन्हा त्या कॉलेजात गेलो. विभागप्रमुखांना सगळं सांगितलं, लूनापासून डब्यांपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"सर, नमुना उत्तरात त्या दोन ओळी नाहीत," ते म्हणाले. "मुलांनी जास्तीच्या लिहिल्या तर मार्क जातील."

"पण तो प्रोग्राम चालत नाही."

"चालवतंय कोण?"

मी म्हटलं, निदान मामांच्या फायलीतला कागद काढा, किट चांगली आहेत. ते म्हणाले, त्यासाठी किट चालू असल्याचं सिद्ध करावं लागेल. मी म्हटलं, कपाट उघडा, मामा आता दहा मिनिटांत दाखवतील. ते म्हणाले, डेडस्टॉक आहे. आणि २७४१ माझ्या लूनाचा नंबर असल्याचा लेखी पुरावा काही आहे का, असंही विचारलं. लूना मी कधीच विकली होती.

मी ती पुडी टेबलावर सोडून ठेवली होती. चंदगडचे काजू म्हणून त्यांनी बोलता बोलता एक तोंडात टाकला, चावला आणि रुमालात थुंकला. "कडू आहेत हो."

"माझ्या नोट्सवरचे आहेत," मी म्हणालो. "तुम्हीही तेच शिकवता."

तिथेच बसून मी अर्ज लिहिला. नोट्स माझ्या, चूक माझी, किट बाराच्या बारा चांगली, चौगल्यांचा काही दोष नाही. आवक क्रमांक टाकून घेतला आणि एक प्रत मामांना दिली. मामांनी ती घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. "ह्यानं कपाट उघडंल?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "घरात दाखवाय झालं." आणि मुरगूडची एसटी धरली, म्हशीची वेळ झाली होती.

घरी आल्यावर प्रशांतला यादी पाठवली. त्याला वाटलं होतं पानभर येईल. मी एवढंच लिहिलं: 'जुना मायक्रोप्रोसेसर शिकायचा असेल तर दोन रिकामे डबे, मूठभर बी आणि चंदगडच्या सुनंदाताई. प्रत्यक्ष चालवून बघायचा असेल तर मुरगूडचे चौगलेमामा, दूध प्यायची तयारी ठेवून जावं. आणि ज्यात २७४१ हा आकडा दिसेल असं पुस्तक, जर्नल किंवा झेरॉक्स कोणाकडेही असेल, तर ती वाचू नये, तशीच ताईंकडे पाठवावी. त्यांना रोज सकाळी बॉयलर पेटवायला कागद लागतो. हा कागद चांगला पेटतो. मी स्वतः पडताळून पाहिलं आहे.'